किडा जगला म्हणून दाणा निर्विष ठरत नाही

धान्यात जिवंत किडे दिसले की "बरं झालं, म्हणजे यात विष नाही" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'रसायनमुक्त' म्हणून धान्य विकणारेही हाच दाखला देतात. बुरशीच्या विषांबाबत मात्र हा समज घातक आहे.

सोंडकिड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक चिकट स्रावाने बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरत वाढते. तिच्या श्वसनातून उष्णता आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. अशा असंख्य अळ्यांमुळे राशीचा एखादा भाग तापतो, ओलावतो. तिथे आधी कमी ओलाव्यावर भागणाऱ्या बुरशा रुजतात. त्यांच्या श्वसनाने ओलावा आणखी वाढतो आणि मग विष बनवणाऱ्या 'अस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीला वाव मिळतो. बीजाणूंची ने-आण किड्यांच्या अंगावरून आणि विष्ठेतून होतच असते.

काही भुंगेऱ्यांचं तर बुरशी हेच अन्न. 'अहास्वेरस अडव्हेना' हा बारीक भुंगेरा राशीत दिसला, की कुठेतरी ओल आहे असं खुशाल समजावं. उलट, बुरशीच्या विषाने अनेक कीटकांच्या अळ्या खुरटतात, कोषात जायला उशीर लावतात.

एकाला चालतं ते दुसऱ्याला का बाधतं? 'अस्परजिलस फ्लेव्हस'चं अफ्लाटॉक्सिन बी१ हे विष घेऊ. पोटात गेलेला हा रेणू आहे तसा डीएनएला फारसं काही करत नाही. त्याला घातक बनवतं ते खाणाऱ्याचंच शरीर! सायटोक्रोम पी४५० या कुटुंबातली विकरं (एन्झाइम) त्याच्या आठव्या आणि नवव्या कार्बनमधल्या दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा अणू बसवतात. तयार होतं तीन अणूंचं, कमालीचं ताणलेलं वलय, म्हणजे इपॉक्साइड. ते उघडतं आणि डीएनएतल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. पुढे डीएनएची नक्कल होताना चुका होतात. माणसात यातूनच यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. पण त्याच कुटुंबातलं दुसरं विकर रेणूच्या वेगळ्या जागी फेरफार करतं तेव्हा कमी विषारी पदार्थ बनतो. मक्याचं कणीस खाणाऱ्या 'हेलिकोव्हर्पा झिया' या अळीत असं एक विकर सापडलं आहे, सीवायपी३२१ए१. विष तेच, फक्त रेणूवर घाव कुठे पडतो यावर सगळं ठरतं. मला या साऱ्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

तंबाखूतल्या भुंगेऱ्याने तर हे काम भाडेकरूंवर सोपवलंय. त्याच्या आतड्यालगतच्या पेशींत राहणारं यीस्ट अन्नातली विषं मोडायला मदत करतं. मादी अंड्यांवर हे यीस्ट माखते. बाहेर पडलेली अळी अंड्याचं कवच खाते आणि तिला यीस्ट मिळतं.

आपल्याकडे असे भाडेकरू नाहीत. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. किडे चाळून काढल्याने ते जात नाही, नेहमीच्या शिजवण्यातही बरंचसं टिकतं. बुरशी डोळ्यांना दिसत नसली तरी ते दाण्यात असू शकतं, आणि आहे की नाही हे कळतं फक्त रासायनिक तपासणीतून. साठवणीआधी दाणा नीट वाळवला तर मात्र राशीत बुरशीला सुरुवात करणं अवघड जातं.