मानसिक थकवा आणि ताकदीचा व्यायाम

बराच वेळ एकाग्रतेचे, निर्णय घेण्याचे किंवा मनावर ताबा ठेवण्याचे काम केल्यावर जी शिणल्याची, नकोसे वाटण्याची अवस्था येते तिला मानसिक थकवा म्हणतात. वजने उचलण्याच्या व्यायामात त्याचा परिणाम सरसकट दिसत नाही. एका दमात लावलेला कमाल जोर बहुधा टिकून राहतो, मात्र सेट (न थांबता सलग केलेल्या उचलींचा गट) शेवटच्या रेपपर्यंत, म्हणजे शेवटच्या उचलीपर्यंत, रेटण्याची तयारी कमी होते. अपुऱ्या झोपेचा किंवा आजारपणाचा थकवा यापासून वेगळा धरला जातो.

या विषयाच्या प्रायोगिक अभ्यासाचे श्रेय सामान्यतः इटलीतील तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो (१८४६–१९१०) यांना दिले जाते. १८९० च्या सुमारास त्यांनी वापरात आणलेल्या एर्गोग्राफ या यंत्रात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पट्ट्यांनी जखडून ठेवत. तर्जनी आणि अनामिका नळ्यांत अडकवलेली असे. मोकळ्या मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन ठरावीक ठेक्यावर पुन्हा पुन्हा ओढायचे. प्रत्येक ओढीची उंची काजळी धरलेल्या कागदावर रेघेने उमटे आणि बोट थकत जाई तशा रेघा आखूड होत जात. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्यांच्या रेघा एरवीपेक्षा लवकर खुंटलेल्या आढळल्या. यावर मोस्सो यांचे स्पष्टीकरण रासायनिक होते: मेंदूच्या श्रमातून तयार झालेली द्रव्ये रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचत असावीत. थकलेल्या कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला देऊन केलेल्या प्रयोगांचा त्यांनी आधार घेतला. हे स्पष्टीकरण आज मान्य नाही. निरीक्षण मात्र पुढील संशोधनाचा पाया ठरले.

आधुनिक चर्चा मुख्यतः संशोधक सॅम्युएले मार्कोरा व सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगापासून सुरू होते. त्यात १६ जणांना एकदा ९० मिनिटे सतत लक्ष द्यावे लागणारी संगणकीय चाचणी दिली आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. नंतर त्यांनी दम संपेपर्यंत सायकल चालवली. चाचणीनंतर ते सरासरी ६४० सेकंद टिकले, माहितीपटानंतर ७५४. हृदय किंवा स्नायू आधी थकले असे मोजमापांत दिसले नाही. तेच काम अधिक जड वाटत होते, एवढाच ठळक फरक. २०१३ मध्ये पाजो, मार्कोरा आणि लेपेर्स यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंवर असाच प्रयोग केला. कमाल जोर आणि मेंदूकडून स्नायूला मिळणारी चालना दोन्ही अबाधित राहिली, पण कमाल जोराच्या २० टक्के ताण धरून ठेवण्याची वेळ सुमारे १३ टक्क्यांनी घटली. वजनाच्या व्यायामाबाबत नंतरचे प्रयोग याच दिशेचे आहेत. अर्धा तास मोबाइलवर सोशल मीडिया पाहिल्यानंतर स्क्वॉटमध्ये (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांत) उचललेले एकूण वजन घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले.

कारणाविषयी एकमत नाही. आत्मसंयम हा खर्च होणारा साठा आहे, हे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांचे १९९८ चे मत एकेकाळी प्रभावी होते. तेव्हाच्या काही प्रयोगांत हँडग्रिप (मुठीत दाबायचे व्यायामाचे साधन) किती वेळ दाबून धरता येतो हे मोजमाप वापरत. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत हा परिणाम जवळजवळ शून्य निघाल्याने ते मत मागे पडले. दुसरे मत मेंदूत साचणाऱ्या अॅडेनोसिन या रसायनाकडे बोट दाखवते. कॅफीन अॅडेनोसिनचीच क्रिया अडवते, म्हणून हे मत आकर्षक वाटते. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट हे चेतापेशींमधले संदेशवाहक रसायन साचत असल्याचे मांडले. सध्याच्या पुराव्याशी सर्वांत जुळणारे मत प्रयत्नाच्या जाणिवेचे आहे: स्नायूत ताकद शिल्लक असते, पण काम जड वाटल्याने माणूस ते लवकर सोडतो. परिणाम न आढळलेले प्रयोग कमी छापले जात असल्याने मानसिक थकव्याच्या परिणामाची मात्रा फुगलेली असावी, हा आक्षेप गंभीर आहे आणि टक्केवारी वाचताना तो ध्यानात ठेवायला हवा.

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून किंवा अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करून संध्याकाळी जिम गाठणारे पुष्कळ. दिवसभर गेज (माप तपासायचे साधन) लावून सुटे भाग पास-नापास करणारा तपासनीस सरावाच्या वजनाने बेंच प्रेस करतो, म्हणजे बाकावर पाठीवर झोपून वजनाचा बार छातीवरून वर ढकलतो, तेव्हा पहिल्या तीन-चार रेप्स नेहमीसारख्या जातात. सहाव्या-सातव्याला बार छातीवरून अर्ध्यावर आला की ‘बस झालं’ वाटते आणि तो रॅकवर ठेवला जातो. अशा दिवशी ताकद गेली असे समजून वजन उतरवणे बरोबर नाही. कमी रेप्सचे जड सेट आधी उरकावेत, फेल्युअरपर्यंत (आणखी एकही रेप निघणार नाही तोवर) जाणारे सेट कमी करावेत किंवा दुसऱ्या दिवशी घ्यावेत. ‘अजून किती रेप्स निघाल्या असत्या’ या अंदाजावर वजन ठरवणाऱ्यांनी त्या दिवशीच्या अंदाजावर विसंबू नये, कारण थकव्याने बिघडते ती नेमकी हीच जाणीव. शहरातील जुन्या तालमींत जोर-बैठका आणि मल्लखांब पहाटे, दिवसाच्या कामाआधी करण्याची रीत होती. तिचा या परिणामाशी थेट संबंध जोडणे घाईचे ठरेल. ऊन, आहार आणि कामाच्या वेळा ही कारणे अधिक संभवतात.