फोन-इन कार्यक्रम

फोन-इन कार्यक्रम : स्थानिक सार्वजनिक रेडिओवर परिसराच्या रोजच्या प्रश्नांविषयी निवेदक, पाहुणे आणि फोन करणारे श्रोते यांच्यात होणारी थेट चर्चा. किमान चार माणसे लागतात : निर्माता, निवेदक, ध्वनी अभियंता आणि फोन घेणारा. यांतले शेवटचे काम बहुधा नवख्याकडे सोपवले जाते. वास्तविक ते सर्वांत जाणत्या माणसाने करायचे असते.

विषय प्रश्नाच्या रूपात आणि अरुंद हवा. ‘पाणीपुरवठा’ असे जाहीर केले की भाषणे येतात. ‘टाकी भरलेली असताना वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही?’ असे विचारले की अनुभव येतात. पाहुणे दोनच बरे. चौथा आवाज आला की कोण बोलते आहे ते श्रोत्याला उमगत नाही, म्हणून निवेदक दर वेळी नाव घेऊन प्रश्न विचारतो. पाहुण्याशी आधी दहा मिनिटे बोलून घ्यावे, पण मुख्य प्रश्न तेव्हा खर्च करू नये. नाहीतर ऑन एअर ‘मघाशी म्हटलं तसं’ ऐकावे लागते आणि मघाचे श्रोत्यांनी ऐकलेले नसते.

फोन घेणारा नाव, ठिकाण आणि मुद्दा एका ओळीत टिपून निवेदकाच्या पडद्यावर पाठवतो. फोन लागले त्याच क्रमाने ते घेण्याचे बंधन नाही : आधी अनुभव, मग मत. प्रत्येकाला एक सूचना हमखास द्यायची : घरातला रेडिओ बंद करा, स्पीकरफोन नको. कारण प्रक्षेपण बहुधा सुमारे ७ सेकंद मागे ठेवलेले असते. शिवी किंवा कुणाची बदनामी आलीच, तर अभियंता बटण दाबून तेवढा भाग हवेत जाण्याआधी गाळतो. रेडिओ चालू ठेवलेल्या श्रोत्याला स्वतःचेच वाक्य ७ सेकंदांनी ऐकू येते आणि तो बोलता बोलता अडखळतो. गाळल्यावर राखीव सेकंद संपतात. ते पुन्हा साठेपर्यंत दुसरा धोक्याचा फोन घेऊ नये, संकेतधून लावावी.

फोन करणाऱ्याकडे परत जाणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज नसावा. या जोडणीला मिक्स-मायनस म्हणतात. ती चुकली की त्याला प्रतिध्वनी ऐकू येतो. साध्या फोनचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात येतो. बेस वाढवून तो भारदस्त होत नाही, फक्त घरघर वाढते.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका ठेवला, तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा फटका थेट बसत नाही. दोन मायक्रोफोनमधले अंतर तोंडापासूनच्या अंतराच्या तिप्पट असावे. तेच बोलणे दोन्हींत किंचित पुढे-मागे शिरले की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. ध्वनीच्या सरासरी पातळीसाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची २०१० मधील आर १२८ शिफारस उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) हे लक्ष्य देते. स्थानिक केंद्राने निराळा आकडा ठरवला तरी चालेल, तो रोज तोच हवा.

तासाभराच्या कार्यक्रमात पहिली दहा-बारा मिनिटे पाहुण्यांना, मग फोन. एका फोनला दोन-तीन मिनिटे. दर आठ-दहा मिनिटांनी विषय आणि पाहुण्यांची नावे पुन्हा सांगावीत, कारण निम्म्यातून रेडिओ लावणारे बरेच असतात.

फोनच आले नाहीत तर? ओळखीच्या माणसाला श्रोता बनवून बसवणे हा सोपा आणि नासका उपाय. त्यापेक्षा आदल्या दिवशी रस्त्यावर ध्वनिमुद्रित केलेल्या, प्रत्येकी ४० सेकंदांच्या चार-पाच प्रतिक्रिया हाताशी ठेवाव्यात. पहिला फोन बहुधा त्यातल्या एखाद्या वाक्याला उत्तर म्हणूनच येतो.

कार्यक्रम संपल्यावर नोंदवहीत तीन गोष्टी लिहितात : गाळलेला मजकूर आणि त्याची वेळ, रांगेत राहून गेलेले फोन, आणि पाहुण्याने हवेत दिलेली आश्वासने. तिसरा रकाना पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवायचा असतो.