फोल्डर का टॅग? गाणी भरायच्या भानगडीची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की कोकणात एक प्रश्न दरवर्षी फिरायला लागतो. पेनड्राइव्हवर आरत्या नीट नंबर घालून टाकल्या, घरच्या कॉम्प्युटरवर ओळीत वाजल्या, मग मखराशेजारच्या बॉक्सला, म्हणजे पेनड्राइव्ह लागणाऱ्या स्पीकरला, लावल्यावर मंत्रपुष्पांजली आधी का लागते आणि डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचे, भाग उलटसुलट का होतात? बॉक्स बिघडलाय, पेनड्राइव्ह चायनाचा आहे, अशी उत्तरं मिळतात. खरं कारण बरंच मागे आहे. गाणी कशी लावायची यावर दोन वेगळे विचार होते, एक फोल्डरनं आणि दुसरा टॅगनं, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेल्या नाव-गायकाच्या माहितीनं. दोन्ही एकाच वेळी बाजारात आले आणि आपल्याकडे त्यांची खिचडी झाली. एमपी३ म्हणजे काय, गाणं कॉपी कसं करतात वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात. जर्मनीतल्या एर्लांगनच्या संशोधन संस्थेत १९९५ च्या जुलैमधे फाईलच्या नावापुढे .bit ऐवजी काय लावायचं यावर चर्चा होऊन शेवटी 'एमपी३' हेच शेपूट ठरलं. १९९८ मधे कोरियातून पहिला खिशात मावणारा प्लेअर आला, त्यात ३२ एमबी जागा, म्हणजे १२८ केबीपीएसनं जेमतेम अर्धा तास गाणी. त्याच वर्षी अमेरिकेत रिओ नावाचा प्लेअर आला आणि तिथल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेनं लगेच कोर्टात खेचला. १९९९ मधे अपील कोर्टानं प्लेअरच्या बाजूनं निकाल दिला, की कॉम्प्युटरवर असलेलं आपलं गाणं सोबत न्यायला दुसऱ्या यंत्रावर घेणं यात गैर काही नाही. तो निकाल लागला नसता तर पुढचं सगळं असं झालं असतं का, शंकाच आहे. आपल्याकडे त्याच १९९८ सालात कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली होती आणि चाकरमान्याच्या पिशवीत तेव्हा क्यासेटीच होत्या. गाण्यांची यादी कागदावर लिहून क्यासेट भरून घ्यायची दुकानं होती, आणि क्यासेटला एक बरं असतं, भरताना जो क्रम लागला तो लागला, नंतर कोणी हलवू शकत नाही.

आता टॅग. एमपी३ फाईलच्या आत गाण्याचं नाव लिहायची सोयच मुळात नव्हती. १९९६ मधे एका प्रोग्रामरनं फाईलच्या शेवटी १२८ बाइटचा तुकडा चिकटवायची युक्ती काढली: नाव ३० अक्षरं, गायक ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३०, आणि प्रकारासाठी एक आकडा. यालाच आयडी३ म्हणतात. यात देवनागरी बसायची शक्यताच नव्हती. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ३० बाइटमधे दहा चिन्हं, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणून सगळं रोमनमधे लिहायची जी सवय लागली ती आजतागायत आहे. प्रकाराच्या यादीत शून्य नंबरला 'ब्लूज' आहे, त्यामुळे कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं ती जागा शून्यांनी भरून टाकली की सावंतवाडीकडचं भजनसुद्धा प्लेअरच्या पडद्यावर ब्लूज म्हणून येतं. हसू येतं, पण गोष्ट गंभीर आहे, कारण पुढे याच तुकड्याच्या भरवशावर सगळी मांडणी उभी राहिली. १९९८ मधे आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीत लांब नावं आणि युनिकोड दोन्ही बसायला लागलं. पण स्वस्तातले प्लेअर कितीतरी वर्षं जुनंच वाचत राहिले आणि देवनागरी दिसली की चौकोन दाखवत राहिले.

खरा वाद इथून. २००१ च्या ऑक्टोबरमधे आयपॉड आला, ५ जीबीची हार्डडिस्क घेऊन, आणि त्याच्या कंपनीनं ठरवलं की माणसानं फोल्डर बघायचेच नाहीत. गाणी भरायची ती त्यांच्याच आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधून. आतमधे फाईली लपवलेल्या फोल्डरमधे जायच्या, एफ००, एफ०१ असे फोल्डर आणि फाईलींना चार अक्षरांची निरर्थक नावं, आणि कुठली फाईल कुठलं गाणं हे फक्त एका डेटाबेसला माहीत. माणसाला दिसायचं काय तर गायक, अल्बम, प्रकार, गाणं. वर एक आयपॉड एकाच कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी जोडलेला, दुसऱ्या कॉम्प्युटरला सिंक करायला लावला की विचारणार, सगळं पुसून इथलं भरू का? मुंबईहून आयपॉड घेऊन आलेल्या पाहुण्याकडून गाणी घ्यायला बसलेल्या कितीतरी पोरांनी हा प्रश्न वाचलाय, आणि न वाचता 'येस' दाबणारेही होतेच.

या निर्णयाची बाजू घेणारे सांगतात की हजारभर गाण्यांत फोल्डर उघडत बसण्यापेक्षा गायकाच्या नावानं शोधणं सोपं, आणि ते खरंय, ज्याच्याकडे विकत घेतलेल्या सीड्या आहेत त्याच्यासाठी. सीडी कॉम्प्युटरला लावली की इंटरनेटवरून नावं आपोआप भरली जायची. तिकडच्या संगीताची घडीच तशी आहे, एक गायक किंवा एक बँड, त्याचा अल्बम, अल्बममधे दहाबारा गाणी. दुसरं कारण कंपनी मोठ्यानं बोलत नसली तरी उघड होतं: गाणी इकडून तिकडे सहज जाऊ नयेत. पहिल्या आयपॉडच्या वेष्टनावरच 'गाणी चोरू नका' असं इंग्रजीत छापलेलं होतं.

आता ही घडी डबलबारीला लावून बघा. बारीत दोन बुवा समोरासमोर. एकानं अभंग घ्यायचा, गवळण घ्यायची, गजर करायचा, मधेच समोरच्याला कोपरखळी किंवा सरळ प्रश्न टाकायचा, आणि दुसऱ्यानं आपल्या पाळीला त्याचं उत्तर द्यायचं. लोक रात्रभर बसतात ते या देवाणघेवाणीसाठी. प्लेअरनं 'गायक' हा खण बघितला की पहिल्या बुवांचे सगळे भाग एका बाजूला आणि दुसऱ्या बुवांचे दुसऱ्या बाजूला. प्रश्न सगळे आधी, उत्तरं सगळी नंतर, तीही कदाचित दुसऱ्याच गावातल्या बारीतल्या उत्तरांत मिसळून. ऐकणारा म्हातारा म्हणणार, 'अरे मेल्या, उत्तर खंय गेला?' जाखडीच्या शक्ती-तुऱ्याचं तेच, दोन शाहीर, सवाल-जवाब. दशावताराला तर गायक कोण लिहायचा, राजापार्टवाला, पेटीवर बसलेला का मंडळ? नमनखेळ्यात अल्बम कशाला म्हणायचं?

टॅगवाल्यांचं उत्तर आहे, आणि ते इथे लिहायलाच पाहिजे. 'अल्बम आर्टिस्ट' नावाचा वेगळा खण असतो, त्यात सगळ्या भागांना बारीचं एकच नाव द्यायचं, 'आर्टिस्ट'मधे ज्या त्या बुवांचं नाव, आणि ट्रॅक नंबर ओळीनं. असं केलं तर नवीन प्लेअरवर बारी अखंड राहते. गंमत म्हणजे तो खण मूळ नियमावलीत बँड किंवा साथीदारांसाठी होता, लोकांनी वापरून वापरून त्याचा अर्थ बदलला. ठीक आहे. पण हे भरणार कोण? बारी रेकॉर्ड करणारा माणूस स्टेजखाली मोबाईल धरून उभा असतो, पहाटे घरी जाऊन टॅग लिहीत बसत नाही. बाकीची गाणी ज्या साइटवरून यायची त्या साइटी नाव, गायक, अल्बम तिन्ही खणांत स्वतःचाच पत्ता ठोकून द्यायच्या. मग प्लेअरमधे गायक बघायला जावं तर साठ गाण्यांचा गायक एकच, डॉट कॉम.

म्हणून इकडे जिंकला फोल्डर, आणि तो जिंकला मोबाईलच्या दुकानात. साधारण २००७ नंतरची पाचसात वर्षं या बाबतीत फार महत्त्वाची होती. मोठ्या आवाजाचे चायना मोबाईल आले, कीपॅडच्या फोनात मायक्रोएसडी कार्ड आलं, आणि एसटी स्टँडाजवळ, बाजारपेठेत 'गाणी भरून मिळतील' असे कागद लागले. चिपळूण घ्या, कणकवली घ्या, सगळीकडे तीच पद्धत. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तयार फोल्डर: मराठी, हिंदी जुनी, हिंदी नवी, कोळीगीतं, भजन, डबलबारी, शिमगा, लग्न. गिऱ्हाईक स्क्रीनकडे बोट दाखवणार, तो अख्खा फोल्डर उचलून कार्डात टाकणार, लाईट जायच्या आत. कॉपीराइटच्या दृष्टीनं हे सरळसरळ बेकायदा होतं, पुढे संगीत कंपन्यांच्या संघटनेनं अशा दुकानांसाठी परवान्याची योजनाही आणली. पण मांडणीपुरतं बोलायचं तर त्या दुकानदारांनी जे फोल्डर पाडले तेच या भागातल्या संगीताचं पहिलं डिजिटल वर्गीकरण, ते कुठल्या विद्यापीठानं केलेलं नाही.

फोल्डरच्या बाजूनं एक तांत्रिक कारणही होतं जे तेव्हा फार कमी जणांना कळायचं. २ जीबीपर्यंतची कार्डं फॅट१६ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असायची. त्यात कार्डाच्या मुळाशी, म्हणजे कुठल्याही फोल्डरात न घालता उघड्यावर, फाईलींच्या नावांच्या बहुतेक ५१२ नोंदीच मावतात. आणि लांब नावाची फाईल एकच नोंद घेत नाही, दर १३ अक्षरांना एक आणि वर मूळची एक. साइटचा पत्ता नावात घुसलेली चाळीस अक्षरांची फाईल पाच नोंदी खाते. हिशेब करा, शंभरेक गाण्यांत मूळ भरलं! कार्डात तीन चतुर्थांश जागा शिल्लक आणि कॉम्प्युटर म्हणतो फाईल तयार होत नाही. मग कार्ड डुप्लिकेट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण. तीच गाणी एका फोल्डरात टाकली की ही मर्यादा लागत नाही, सगळी बसतात.

पण आरत्या उलट्या का वाजतात याचं पाप मात्र फोल्डरच्याच बाजूला आहे, ते लपवून चालणार नाही. कॉम्प्युटर आपल्याला फाईली नावानं लावून दाखवतो. बॉक्समधला स्वस्त प्लेअर एवढी मेहनत करत नाही, कार्डाच्या यादीत ज्या क्रमानं नोंदी पडल्या त्याच क्रमानं वाजवत सुटतो, म्हणजे कॉपी झाल्याच्या क्रमानं. ०१, ०२ लिहून त्याला काही फरक पडत नाही. त्यात विंडोजची एक खोड आहे, दहा फाईली सिलेक्ट करून माऊसनं ओढताना ज्या फाईलीवर हात असतो ती बहुतेक वेळा आधी कॉपी होते. शेवटच्या फाईलीला धरून ओढलं की मंत्रपुष्पांजली पहिली. उपाय साधा आहे, फोल्डर रिकामा करून पहिल्या आरतीला धरून ओढा, नाहीतर एकेक करून टाका. फॅटची यादी लावून देणारी छोटी सॉफ्टवेअरंही मिळतात. जे प्लेअर नावानं लावतात त्यांच्यासाठी शून्य घालायला विसरू नका, नाहीतर कितीतरी प्लेअर १ नंतर १० घेतात आणि २ नंबरची आरती पार खाली जाते.

२०११ च्या सुमारास अँड्रॉइड फोनांनी आणखी एक बदल केला. आधी फोन केबलनं लावला की त्याचं कार्ड पेनड्राइव्हसारखं दिसायचं, पण तेवढा वेळ फोनला स्वतःचं कार्ड वापरता यायचं नाही. ते टाळायला एमटीपी नावाची पद्धत आली, ज्यात कॉम्प्युटर फोनकडे फाईल मागतो आणि फोन देतो. कार्ड खराब होणं कमी झालं, भरायचा वेग मात्र रडतखडत. आणि फोनमधला म्युझिक प्लेअर परत टॅगवर गेला, फोल्डरचा पर्याय कुठेतरी आत. 'अननोन आर्टिस्ट'खाली भजन, व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप आणि रिंगटोन एकत्र नांदायला लागले. हीच ती आयपॉडवाली चूक, माझ्या मते, फक्त दहा वर्षांनी आणि स्वस्त फोनात.

२०१६ मधे डेटा स्वस्त झाला आणि दुकानातली गाणी भरायची गर्दी बघता बघता ओसरली. तरी फाईली गेल्या नाहीत. कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात ऑनलाइन गाणं अडकतं, घाटात रेंज नसते, आणि किनारा दूर राहिला की ट्रॉलरवरच्या माणसाला पेनड्राइव्हच उपयोगाला येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा इंजिनाबरोबर गाण्याच्या सेटचीही डागडुजी होते, आणि नवीन गाणी तेव्हाच भरली जातात.

फरक एवढाच की आता गाणी व्हिडिओवरून उतरवलेली असतात, त्यात टॅग बहुधा नसतोच, फाईलीचं नाव हीच एक ओळख. शिवाय ती बऱ्याचदा एमपी३ नसतात, एम४ए नाहीतर ओपस असतात, जे जुन्या बॉक्सला कळत नाही आणि तो मुकाट्यानं पुढच्या फाईलीवर जातो. आणि ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह लावला तर कधी कधी काहीच दिसत नाही. बऱ्याचदा तो एक्सफॅटमधे फॉरमॅट केलेला असतो आणि जुना प्लेअर फॅट३२ च्या पुढे वाचत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच येत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर सरळ ३२ चा घ्यावा. आरत्या आणि चार बाऱ्यांना तेवढा रग्गड होतो.