दीड फुटाच्या टाकीत ऊन किती मावतं?

मासे दगावले आणि दीड फुटाची काचेची टाकी रिकामी राहिली. ठाण्यातल्या नौपाड्यातून भाच्याचा फोन आला, "मामा, यात कासव मावेल ना?"

आज मावेल. दुकानात मिळतं ते लाल पट्टीचं हिरवं पिल्लू, रेड इअर्ड स्लायडर, दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठं असतं. मादी मात्र 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षं जगते. पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की पाठीच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी. म्हणजे दहा इंचांच्या कासवाला चारशे लिटर, वजनाने चारशे किलो. हॉलच्या एका कोपऱ्यात सहा माणसं कायमची उभी केल्यासारखंच. "टाकी लहान ठेवली की कासवही लहान राहतं" असं दुकानदार सांगतात. अशा टाकीत खुंटलेलं कासव लहान नसतं, आजारी असतं.

पण खरी अडचण जागेची नाही, उन्हाची आहे. आपण खातो त्यातला मोठा वाटा शरीर 37 अंशांवर ठेवण्यातच खर्च होतो. सरपटणारे प्राणी ही भट्टी पेटवतच नाहीत. ते ऊब बाहेरून घेतात: उन्हात बसायचं, तापलं की सावलीत सरकायचं. म्हणून तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने त्यांना फार थोडं खाणं पुरतं. मात्र ऊब मिळाली नाही तर पोटातलं अन्नही नीट पचत नाही. बेडरूममध्ये रात्रभर एसी 22 वर असेल, तर संध्याकाळी खाल्लेलं फार हळू पचतं.

म्हणजे टाकीला एक गरम टोक हवं आणि एक थंड, मध्ये सरकायला जागा हवी. दीड फुटात एका बाजूला दिवा लावला की दुसरी बाजूही तापते. सरकायचं कुठे?

"मग टाकी खिडकीत ठेवू," भाचा म्हणाला. नको. काचेतून उष्णता आत येते, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण साध्या खिडकीच्या काचेत जवळपास सगळे अडतात. टाकी भट्टीसारखी तापते आणि कासवाला कॅल्शियम वापरता येत नाही. पाठ मऊ पडते. ती पाठ म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे, तर बरगड्या आणि मणकेच. म्हणजे हाडंच मऊ पडतात.

मोठं झालेलं स्लायडर मग तलावात जातं. ठाण्यात तलावांना तोटा नाही, आणि सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि 'शुभ' म्हणून गुपचूप विकलं जाणारं तारा कासव तर घेऊच नये, ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

भाच्याने मग लेपर्ड गेकोचं नाव काढलं. ही पाल त्यातल्या त्यात बरी: वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब, पापण्या असलेली, शेपटीत चरबी साठवणारी. तिच्या बोटांना चिकट गाद्या नसल्याने ती काच चढत नाही, तिला उंचीपेक्षा जमीन लागते. तरी दोन फूट हवेतच. शिवाय अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या टेकड्यांतला हा जीव, ठाण्यातला जुलै त्याला कसा झेपावा? रोजचे जिवंत किडे आईने घरात येऊ दिले नसते, ती वेगळी गोष्ट. वायव्य भारतातही ही पाल सापडते, त्यामुळे कागदपत्रांचं आधी वनखात्यात विचारायला हवं.

टाकीत सध्या मनीप्लांट आहे. भाच्याने वही केली आहे ती ट्यूबलाइटमागच्या घरच्या पालीची. ती किती वाजता बाहेर येते, किती किडे पकडते, सगळं लिहितो. जानेवारीतल्या दोन गार रात्रींपुढे त्याने नुसती फुली मारली आहे आणि शेजारी थर्मामीटरचा आकडा: 17.