मैलापाणी तुंबणे (घरगुती)

शौचालय, नहाणी व स्वयंपाकघर यांतून बाहेर जाणारे पाणी वाटेतील अडथळ्यामुळे, किंवा पुढे त्याला जागाच न उरल्यामुळे, मागे फिरून घरात चढते, त्या स्थितीला मैलापाणी तुंबणे म्हणतात. असे पाणी घरातील सर्वांत सखल तोंडातून, बहुधा तळमजल्यावरील नहाणीच्या मोरीतून, प्रथम वर येते. एकच मोरी तुंबली तर दोष बहुधा तिच्या जोडनळीत असतो. सर्वच मोऱ्या एकदम मंदावल्या तर तो मुख्य नळीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा त्यापलीकडे शोधावा लागतो.

नळीतील अडथळे सर्वपरिचित आहेत : साकळलेले तेल, केस, सॅनिटरी नॅपकिन, सांध्यांतून शिरलेली झाडांची मुळे आणि चुकलेला उतार. खोबरेल तेल सुमारे २४° से. खाली गोठत असल्याने ते मोरीत ओतणे विशेष अपायकारक ठरते.

गोव्यात पणजी, मडगाव व वास्को यांसारख्या शहरांच्या काही भागांत मलनिःसारण वाहिन्या आहेत. अन्यत्र बहुतेक घरांची भिस्त सेप्टिक टँक आणि सोकपिट (शोषखड्डा) यांवर असते. या टाकीच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. फ्रान्समधील झां-लुई मुरा याने साधारणतः १८६० च्या सुमारास अशी बंद टाकी बांधली व १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले, असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये एक्सेटर येथील डॉनल्ड कॅमरन याने १८९५ च्या सुमारास तशीच रचना स्वतंत्रपणे पुढे आणली आणि ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ केले. नाव व प्रसार यांचे श्रेय कॅमरनकडे जात असले, तरी मूळ कल्पना मुराची मानणे अधिक सयुक्तिक दिसते. कारण आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन्ही नळ्यांची तोंडे पाण्याखाली बुडवण्याची युक्ती त्याच्या टाकीत होती. आजच्या टाकीतील ‘टी’ जोड (इंग्रजी T आकाराचा नळीचा तुकडा) हेच काम करतो. तो तुटला किंवा बसवलाच नसला, तर वरचा तेलकट साय-थर व तरंगता मैला सोकपिटात जातो आणि त्याच्या भिंतींची छिद्रे बुजवतो. तळाचा गाळ वर्षानुवर्षे उपसला नाही, तरी परिणाम हाच होतो.

गोव्यातील पावसाळी तुंबण्याचे मूळ मात्र पुष्कळदा जमिनीत असते. वरचा जांभा दगड सच्छिद्र असून पाणी झिरपू देतो, परंतु त्याखाली अनेक ठिकाणी चिकण मातीचा थर असतो आणि जून ते सप्टेंबर या काळात त्यावर पाणी साचून भूजलाची पातळी वर येते. खाजन (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल) जमिनींलगतच्या व खाडीकाठच्या सखल वाड्यांत ती सोकपिटाच्या तळापेक्षा वर चढते. अशा वेळी खड्डा पाणी शोषण्याऐवजी जमिनीतले पाणीच आत घेतो आणि टाकी तुडुंब होऊन पाणी नळीतून घराकडे परतते. छपराच्या पन्हळीचे पाणी चेंबरमध्ये सोडलेले असल्यास ही वेळ लवकर येते. पूर्वी स्वयंपाकघराचे पाणी माडाच्या आळ्यात सोडत. आता तेही, वॉशिंग मशीनच्या पाण्यासह, पुष्कळ घरांत टाकीतच जाते. ऐन पावसात टँकर बोलावून टाकी उपसण्याने मिळणारा दिलासा अल्पकाळाचा असतो, कारण भोवतालचे पाणी ओसरलेले नसते. शिवाय प्लास्टिक वा फायबरची हलकी टाकी पूर्ण रिकामी केल्यास भूजलाच्या दाबाने उचलली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे उपसा व ‘टी’ जोडाची तपासणी मे महिन्यापूर्वी उरकणे हितावह असते. सोकपिट उथळ पण विस्तृत करणे, किंवा उंचवट्यावर शोषक्षेत्र तयार करणे, हा अधिक टिकाऊ उपाय होय.

वाहिनीला जोडलेल्या घरांत मुख्य वाहिनी भरून वाहू लागल्यास पाणी उलटे येते. ते रोखण्यासाठी घराच्या शेवटच्या चेंबरवर एकदिश झडप बसवतात.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात आणि आत उतरलेला माणूस क्षणार्धात बेशुद्ध होऊ शकतो. सुरक्षा साधने व विहित दक्षता यांविना माणसाकरवी सेप्टिक टँक साफ करून घेण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. म्हणून उपसा यंत्रानेच, बाहेरून करावयाचा असतो.