खरेदीखतातला ‘पाषाण’ कोणाचा?

ठाण्यात जुनी इमारत पाडून तळघराचा खड्डा खणायला घेतला, की सोसायटीच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो. प्लॉट आपला, खरेदीखत आपल्या नावावर, मग आपल्याच जमिनीतून निघालेल्या मुरुमावर महसूल खातं रॉयल्टी, म्हणजे खनिजाचं सरकारी शुल्क, कशी मागतं? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र बरंच मागे जावं लागतं.

जुनं खरेदीखत काढून बघा. त्यात बहुधा एक ओळ सापडेल: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’. ही भाषा इनामाच्या सनदांमधली. तिथे तिला वजन होतं, कारण देणारा राज्यकर्ता होता. दगडही त्याचाच आणि जमिनीत पुरलेलं धनही त्याचंच. आज जमीन विकणाऱ्याच्या हातात त्यातला पाषाण नसतो, आणि जे त्याचं नाही ते कागदावर कितीही ठसठशीत लिहिलं तरी घेणाऱ्याला मिळत नाही. (निधीचीही तीच गत. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं.)

हा बदल इंग्रजी अमलात झाला. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ च्या कलम ६९ नं खालसा, म्हणजे इनाम न दिलेल्या, जमिनींमधल्या खाणी आणि खनिजं सरकारसाठी राखून ठेवली. इनामी जमिनींची गोष्ट वेगळी होती. ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर आहे, तिथे कंपनी सरकारनं काहींना इस्टेटी दिल्या होत्या आणि त्यांचे हक्क मूळ करारातल्या शब्दांवर ठरत. १९५१ मध्ये साष्टीतल्या इस्टेटींची महसूलमाफी कायद्यानं रद्द झाली.

आजचं मूळ मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये आहे. सरकारनं जमीन देताना केलेल्या एखाद्या सनदेत स्पष्टपणे वेगळं लिहिलेलं नसेल, तर जमिनीवरची आणि जमिनीखालची सर्व खनिजं राज्याची. कलमात ठिकाणंच मोजून दिली आहेत: चालू आणि सोडून दिलेल्या खाणी, जुने ढिगारे, खड्डे, शेतं, बांध, नाले, खाड्या, नदीपात्रं. मला त्यातला ‘खाड्या’ हा शब्द ठाणेकरांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कळवा-मुंब्र्याकडच्या रेतीबंदराचं नावच रेतीवरून पडलं. होडीतून खाडीत बुडी मारायची, बादलीनं तळाची रेती वर काढायची, ही ती डुबीची पद्धत. बुडी मारणाऱ्याचं कसब त्याचं स्वतःचं. बादलीत वर येणारी रेती राज्याची.

केरळातल्या एका खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कायद्यानं काढून घेतलेली नसेल तर भूगर्भातली संपत्ती साधारणपणे जमीनमालकाचीच. हा निकाल आपल्याकडे बरेच जण दाखवतात. पण महाराष्ट्रात कलम ४८ आडवं येतं, हे विसरून चालत नाही.

दगड, मुरूम, साधी रेती, साधी माती ही ‘गौण खनिजं’. केंद्राच्या १९५७ च्या खाण-खनिज कायद्याच्या कलम १५ नं त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात सध्या २०१३ चे नियम आहेत. त्यामुळे ‘खाण विकली’ असं आपण बोलतो तेव्हा प्रत्यक्षात जमीन विकलेली असते, क्रशर (दगड फोडायचं यंत्र) विकलेला असतो, किंवा सरकारच्या परवानगीनं खाणपट्टा, म्हणजे मुदतीपुरता खनिज काढण्याचा हक्क, दुसऱ्याच्या नावावर झालेला असतो. खासगी जमिनीवर पट्टा घ्यायचा तर जमीनमालकाची संमती लागते, पण पट्टा देणारं सरकारच.

नवी मुंबईत याला आणखी एक दुखरी किनार आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. तुर्भे, पावणे, शिरवणे या बाजूला प्रकल्पग्रस्तांनी दगडखाणी चालवल्या त्या पट्ट्यानं. ज्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्या गेल्या, त्याच डोंगराचा दगड फोडायला मुदतीचा कागद. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. नियम योग्यच होता. त्या धुळीत राहणाऱ्यांना विचारा. पण छोट्या खाणवाल्याला तो फार जड गेला.

आता सोसायटीचा मुरूम. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेनं बांध, रस्ते, रेल्वे आणि इमारतींच्या भराव-सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरवली. त्यावरून पाया खणणाऱ्या बिल्डरांना नोटिसा गेल्या. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की माती काढली एवढ्यावर रॉयल्टी लागत नाही. ती कशासाठी काढली आणि वापरली ते बघावं लागतं. त्याच प्लॉटवर सपाटीकरणासाठी वापरलेल्या मातीला २०१५ मध्ये नियमांतही सूट मिळाली.

डंपर फाटकाबाहेर पडला की हिशेब बदलतो. तो ब्रासमध्ये होतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. म्हणून विकासकाशी करारनामा करतानाच रॉयल्टी कोण भरणार आणि वाहतूक पासच्या प्रती कोणाकडे राहणार, हे लिहून घ्यावं. प्लॉट सोसायटीच्या नावावर असला, तर नोटीस सोसायटीच्याही पत्त्यावर येऊ शकते.