सुई ‘धरली’ की स्नायू ‘उडाला’?

केज तालुक्यातल्या एक मावशी दरवर्षी पाडव्याच्या सुमारास कारखान्यावरून परतल्या की माझ्याकडे येतात. पाच महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्यावर मान आणि खांद्याच्या मधला भाग दगड झालेला असतो. मागच्या वर्षी तिथं सुई टाकली तेव्हा स्नायू टचकन उडाला होता. यंदा आधी कोपराजवळ अॅक्युपंक्चरची सुई लावली, तर मावशी म्हणाल्या, “सर, आज उडंना गेलं की. लागली नाही व्हय सुई?”

सुई लागली होती, धरलीही होती चांगली. पण धरणं वेगळं आणि उडणं वेगळं.

गोंधळ होतो कारण सुई एकच. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, टोकाला भोक नसलेली. इंजेक्शनची सुई सहसा हिच्या दुप्पट जाड असते. याच सुईनं अॅक्युपंक्चर होतं आणि याच सुईनं फिजिओथेरपीतलं ड्राय नीडलिंगही. अॅक्युपंक्चर चीनचं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसह १९३८ साली जे पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांतल्याच डॉ. बसूंनी पुढं ते कोलकात्यात आणलं. ड्राय नीडलिंगचा वंश निराळा: जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेल्या ट्रिगर पॉइंटच्या, म्हणजे ताठरलेल्या स्नायूतल्या दुखऱ्या जागेच्या, कल्पनेतून ते निघालं. त्या जागी औषध टोचायचे, मग लक्षात आलं की कोऱ्या सुईनंही फरक पडतो. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली हे नोंदवलं.

आता धरणं म्हणजे काय ते बघू. घरात सरकी न काढलेला कापूस असेल तर त्यात तुराटीची बारीक काडी खुपसा आणि बोटांत धरून एकाच दिशेनं फिरवा. दोन-तीन वेढ्यांत तंतू काडीला गुंडाळतात. मग काडी ओढली की आजूबाजूचा कापूस तंबूसारखा वर उचलून येतो. कातडीखाली नेमकं हेच होतं. तिथं जोडऊतकाचा सैल थर असतो, त्यातले कोलॅजनचे तंतू फिरत्या सुईला वेढे घालतात. सुई बाहेर खेचली तर कातडी तिच्याबरोबर वर येते. हे डोळ्यांनी दिसतं आणि बोटांना जाणवतं. जुने चिनी वैद्य याला माशानं गळ ओढल्याची उपमा देत.

बरीच वर्षं समज होता की सुई स्नायू आखडून पकडतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लॅन्जेविन यांनी हे मोजायचं ठरवलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ६० निरोगी माणसांना यंत्रानं सुया लावल्या, फिरवल्या आणि उपसायला किती जोर लागतो ते पाहिलं. नुसत्या टोचलेल्या सुईपेक्षा एकाच दिशेनं फिरवलेल्या सुईला १६७ टक्के जास्त जोर लागला, पुढं-मागं फिरवलेलीला ५२ टक्के जास्त. मला यातला तिसरा आकडा सगळ्यात बोलका वाटतो: अॅक्युपंक्चरच्या बिंदूवर ही पकड शेजारच्या साध्या जागेपेक्षा सरासरी १८ टक्केच जास्त होती. म्हणजे ऊतक सुईला कुठंही धरतं, बिंदूवर थोडं जास्त. सुई धरली म्हणून बिंदू अचूक सापडला, असं छाती ठोकून सांगणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा. उंदरांवरच्या पुढच्या प्रयोगांत अर्ध्या तासात त्या थरातल्या पेशी ताणून पसरलेल्याही दिसल्या, तेही सुईपासून काही सेंटिमीटर लांबपर्यंत.

पकड डॉक्टरच्या बोटांना कळते. रुग्णाला त्या वेळी जे वाटतं त्याला चिनी लोक ‘दे-ची’ म्हणतात: जड पडणं, भरून आल्यागत होणं, आतून मंद ठणका, बधिरपणा. हे हळूहळू चढतं आणि सुई आहे तोवर रेंगाळतं.

उडण्याचा प्रकारच निराळा. तो स्नायूचा. ताठरलेल्या स्नायूत बोटाला एखादी दोरी लागते, आपल्याकडे तिला ‘शीर’ म्हणतात. (आपल्याकडे रक्तवाहिनीही शीर, नसही शीर आणि आखडलेला स्नायूही शीरच, निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.) त्या दोरीतल्या दुखऱ्या जागी सुईचं टोक लागलं की तेवढीच दोरी क्षणभर आकसते आणि सुटते. बैलाच्या पाठीवर गोमाशी बसल्यावर कातडी थरारते ना, तसंच दिसतं. फक्त बैलाची ती थरथर कातडीलगतच्या पातळ स्नायूची, इथं तो खालचा खरा स्नायू असतो. पाठीच्या कण्यातून फिरून येणारा, आपोआप होणारा हा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) आहे. त्याला सुई फिरवावी लागत नाही, आत-बाहेर करत नेमकी जागा शोधावी लागते. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात तो संपतोही.

म्हणून मावशींच्या कोपराजवळ काही उडालं नाही. तिथं मी जागा शोधतच नव्हतो, सुई फिरवत होतो. त्यांना विचारलं, “हात जड वाटायलाय का?” म्हणाल्या, “व्हय, पार मनगटापर्यंत भरून आलंय.” झालं तर.

या दोन्हींच्या जोडीला तिसरं एक असतं, ते मात्र ओळखायलाच हवं. करंट लागल्यासारखी चमक बोटापर्यंत सणकन गेली तर ती दे-ची नाही, उडणंही नाही. सुई नसेला लागली. लगेच सांगा, डॉक्टर सुई मागं घेतील. ‘चमक निघाली म्हणजे सुई बरोबर लागली’ असं बरेच जण कौतुकानं सांगतात, तो भ्रम आहे.

चौथंही आहे, सुई अडकणं. एकाच दिशेनं फार वेढे दिले तर धरलेली सुई सुटत नाही. मग ओढाताण करायची नाही, उलट्या दिशेनं फिरवून वेढे उकलायचे. स्नायू आकसल्यानं अडकली असेल तर मिनिटभर थांबून शेजारी हलकेच चोळलं की सैल होते. मला सुरुवातीला ही घाई नडली आहे. एका पैलवानाच्या मांडीतली सुई उपसताना त्याच्यापेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता.

उडाल्याशिवाय ड्राय नीडलिंगचा गुणच येत नाही, हे आता सगळे मानत नाहीत. ट्रिगर पॉइंट या कल्पनेवरही वाद आहेत. दे-ची आली म्हणजे दुखणं गेलंच, असंही नाही.

मावशींचा हट्ट होताच, म्हणून पुढच्या खेपेला खांद्याकडे वळलो. तिथं खाली फुप्फुस आहे. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. म्हणून स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई त्या चिमटीच्या आतच ठेवायची. तिसऱ्या ठोक्याला उडाला. “हां, आता लागली बगा,” मावशी खूश.

दुसऱ्या दिवशी फोन: “सर, भाकरी थापताना खांदा लई ठणकायलाय.” उडाल्यानंतरचा हा ठणका एक-दोन दिवस राहतो, जितक्या वेळा उडेल तितका जास्त. गरम पाण्याची पिशवी ठेवा म्हटलं, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर मात्र थेट दवाखाना गाठा.